कुलाबा किल्ल्यात चालत जायचंय? आधी पाण्याची वेळ, मग बाकी सगळं

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला हाकेच्या अंतरावर दिसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. लोक मुंबई-पुण्याहून निघण्याची वेळ ठरवतात, जेवणाची ठरवतात, हॉटेल सोडण्याची ठरवतात, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर कोणाला तरी विचारतात, "ओहोटी कधी?" उत्तर येतं, "झाली की मघाशीच." मग होडी, किंवा गुडघाभर पाण्यातून घोडागाडी, किंवा वाळूत उभं राहून फोटो आणि परत.

चालत जायचं असेल तर क्रम उलटा लागतो. आधी पाणी, मग तारीख, मग गाडी किंवा लाँच, आणि जेवण सगळ्यांत शेवटी. उरलेल्या दिवसात रेवदंडा आणि कोर्लई हे दोन पोर्तुगीज किल्ले बसतात, कारण ते पाहायला समुद्राची परवानगी फारशी लागत नाही.

## १. तारीख ठरवणे: पौर्णिमा का नको

बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की पौर्णिमा-अमावास्येला समुद्र सर्वांत जास्त ओसरतो. ते ढोबळमानाने खरं आहे, पण त्या दिवशी पूर्ण ओहोटी पहाटे साडेपाच-सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. म्हणजे वाट उघडी असते तेव्हा एक तर उजाडलेलं नसतं, नाहीतर मावळत आलेलं असतं. पाहण्याच्या वेळेला, भर दुपारी, किल्ल्याभोवती भरतीचं पाणी असतं.

उलट टोक अष्टमीचं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. वेळ सोयीची वाटते, पण तो भांगाचा काळ. भांगाला भरतीही छोटी आणि ओहोटीही छोटी. पाणी पुरतं ओसरतच नाही.

हा फरक आकड्यांत पाहिला की नीट कळतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर उधाणाच्या (म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या) ओहोटीला पाण्याची सरासरी पातळी सुमारे ०.८ मीटर असते आणि भांगाच्या ओहोटीला सुमारे १.९ मीटर. दोन्हींना "ओहोटी"च म्हणायचं, पण मधे एक मीटरहून जास्त पाणी आहे. "वेळापत्रकात ओहोटी होती, तरी पाणी होतं" ही तक्रार नेहमी ऐकू येते, ती बहुतेक वेळा भांगाच्या दिवसांतली असते.

उधाणाचा जोर नेमका पौर्णिमा-अमावास्येला नाही, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. भांगसुद्धा तसाच अष्टमीनंतर एक-दोन दिवस रेंगाळतो. त्यामुळे चालत जायला खरे कामाचे दिवस हे:

- द्वितीया ते पंचमी, शुद्ध किंवा वद्य कोणतीही. ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान, आणि पाणी चांगलं ओसरलेलं. त्यातही तृतीया आणि चतुर्थी उत्तम.
- त्रयोदशी आणि चतुर्दशी. ओहोटी दुपारी चार ते पाचच्या दरम्यान. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हात फार सैल सोडता येत नाही.
- सप्तमी ते एकादशी. चालत जायचा बेत करू नका. होडीने जायचं असेल तर मात्र हरकत नाही.

विनायकी आणि संकष्टी या दोन्ही चतुर्थ्या असल्यामुळे किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणाऱ्यांना ओहोटी आपोआप सोयीची मिळते. त्याचा दुसरा अर्थ असा की त्या दिवशी गर्दी असते. माघी गणेश जयंतीला तर किल्ला पाहण्याच्या हेतूने जाऊच नये. दर्शनाला जा, तटबंदी दुसऱ्या दिवशी.

ताकीद: जून ते सप्टेंबर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. पावसाळ्यात वारा आणि लाटा यांमुळे वेळापत्रकातल्या पातळीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि खडकांवर शेवाळ इतकं माजतं की वाट मोकळी असली तरी पाय ठरत नाही.

## २. ओहोटीची वेळ काढणे

### कॅलेंडरवरून: तिथीची पाऊणपट

कोकणकिनाऱ्यावर चालणारा जुना हिशेब असा. तिथीच्या अंकाची पाऊणपट करा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तिच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी.

चतुर्थीचं उदाहरण घ्या. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी सव्वानऊच्या आसपास ओहोटी. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. वद्य चतुर्थी म्हणजे एकोणीस नव्हे, चारच.

हा हिशेब तारीख निवडण्यापुरता. तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बहुधा प्रत्यक्ष ओहोटी थोडी उशिरा येते. शिवाय कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते आणि दिवसात कधीही बदलते. यावरून लाँचचं तिकीट काढा, पण पाण्यात पाय घालू नका.

### वेळापत्रकावरून: चार गोष्टी तपासा

पक्की वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरून घ्या. अलिबागला काही मिनिटांचाच फरक पडतो. मोबाइलवरचं ॲप वापरत असाल तर:

1. वेळ भारतीय आहे का? काही ठिकाणी वेळ ग्रीनिचची असते. साडेपाच तासांचा फरक म्हणजे ओहोटीच्या जागी जवळजवळ भरती.
2. दिवसातल्या नेमक्या कोणत्या ओहोटीचा आकडा पाहताय? आपल्याकडे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक ०.६ मीटरपर्यंत उतरते आणि त्याच दिवशीची दुसरी त्याच्या दुपटीहून वर थांबते, असं होतं. रात्रीच्या ओहोटीचा छान आकडा पाहून सकाळी जाल, तर फसाल.
3. आकडे उणे दिसतात का? ०.४ ऐवजी उणे २.१ असं काही दिसलं, तर ते ॲप सरासरी समुद्रपातळीपासून मोजतंय. इथले आकडे त्याला लागू करू नका. दुसरं वेळापत्रक शोधा.
4. तारीख बदलली का? मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी चुकीच्या दिवसाखाली वाचल्या जातात. शेजारच्या दोन दिवसांशी ताडून पाहा. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकली पाहिजे.

पडताळणी: तुमच्या ओहोटीचा आकडा १ मीटरच्या आत असेल तर निर्धास्त. १ ते १.४ असेल तर घोट्यापर्यंत किंवा त्याहून थोडं जास्त पाणी लागेल असं धरून चला. १.५ च्या वर असेल तर चालत जायचा आग्रह सोडा.

## ३. जाण्या-येण्याच्या वेळा बांधणे

इथे दुसरी मोठी चूक होते. वेळापत्रकात ९.१५ दिसलं की लोक सव्वानऊला किनाऱ्यावर पोचतात. ९.१५ ही पाणी सर्वांत खाली असण्याची वेळ. त्यानंतर ते चढायलाच लागतं. तुम्ही पोचता तेव्हा निम्मा वेळ संपलेला असतो.

भरतीचं पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पूर्ण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी ०.८ वरून ४.४ मीटरपर्यंत, म्हणजे ३.६ मीटर चढायचं असतं. म्हणून:

- पहिल्या तासात सुमारे ३० सेंटिमीटर
- दुसऱ्या तासात आणखी ६०
- तिसऱ्या तासात आणखी ९०

म्हणजे ओहोटीनंतर दोन तासांनी पाणी ९० सेंटिमीटर वर आलेलं असतं, लहान मुलाच्या छातीएवढं. "तासभर तर काहीच फरक पडला नाही" म्हणून लोक रेंगाळतात, आणि पुढच्या तासाभरात वाट जाते. भांगाची ओहोटी का चालत नाही हेही यातच आलं. तिची १.९ ची पातळी म्हणजे उधाणाच्या ओहोटीनंतर दोन तास उलटून गेल्यावरची पातळी.

यावरून वेळा अशा बांधा. पूर्ण ओहोटी ९.१५ ला आहे असं धरू:

- ७.४५ किनारा सोडायचा (ओहोटीच्या दीड तास आधी)
- ८.१५ किल्ल्याच्या दरवाज्यात
- ९.४५ दरवाज्यातून बाहेर (ओहोटीनंतर जास्तीत जास्त अर्धा तास)
- १०.१५ किनाऱ्यावर

आत दीड तास मिळतो आणि तो पुरतो. जास्त वेळ हवा असेल तर परतीची होडी आधी ठरवा. वाटेवरचा वेळ ताणू नका. सकाळी लवकरची ओहोटी साधणार असाल तर किल्ल्याची तिकीट खिडकी किती वाजता उघडते, ते आदल्या संध्याकाळीच किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारून ठेवा.

सकाळी पावणेआठला किनाऱ्यावर हजर राहायचं म्हणजे मुंबईकरांनी आदल्या रात्री अलिबागला मुक्कामाला येणं आलंच. गेटवेवरून मांडव्याला लाँचने सुमारे एक तास, मांडव्याहून अलिबागला बसने पाऊण तास, शिवाय बस सुटेपर्यंतचा वेळ. पहिली लाँच पकडूनही तृतीया-चतुर्थीची ओहोटी हाती लागत नाही. एका दिवसात जाऊन यायचंच असेल, तर त्रयोदशी-चतुर्दशीची दुपारची ओहोटी धरा आणि सकाळचा वेळ कोर्लईला द्या. मात्र मांडव्याहून परतीची शेवटची लाँच कितीची, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. दुपारची ओहोटी आणि ती लाँच एकमेकींवर आदळतात. वडखळमार्गे गाडीने येणाऱ्यांनी शनिवारी सकाळच्या कोंडीसाठी किमान एक तास वेगळा काढावा.

## ४. पायात काय, पिशवीत काय

पायांचा विचार आधी. किल्ल्याच्या अलीकडचा पट्टा खडकाळ आहे आणि त्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. अनवाणी गेलात तर तळवा चिरणार. साधी चप्पल चिखलात रुतते, उचलताना अंगठ्याचा पट्टा तुटतो, आणि तुटली की पुढे अनवाणीच. सगळ्यांत कामाचं पादत्राण म्हणजे मागून पट्टा असलेली रबरी सँडल, एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातली पावसाळी चालेल. बुटांत खारं पाणी गेलं की उरलेला दिवस पायाला फोड येतात.

पिशवीत:

- माणशी किमान एक लिटर पाणी. किल्ल्यात गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, पण ती पाहण्यासाठी आहे असंच समजा.
- फोन आणि पाकिटासाठी तोंड घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी.
- टोपी. वाळूवर आणि तटावर सावली नाही.
- सुटे पैसे. तिकीट ऑनलाइनही काढता येतं आणि तसं थोडं स्वस्त पडतं, पण भिंतीआड फोनला रेंज मिळेलच असं नाही. किनाऱ्यावरच काढून ठेवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.
- चिकटपट्टी आणि जंतुनाशकाची छोटी बाटली. कालवाची जखम खाऱ्या पाण्यात लगेच दुखत नाही, संध्याकाळी ठणकते.

डबा बरोबर नेऊ नका. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आत बसून खाण्याची जागा नाही. ड्रोन आणि तिकाटणं (ट्रायपॉड) परवानगीशिवाय चालत नाही.

## ५. पाण्यात पाय घालण्याआधी

किनाऱ्यावर पोचलात की लगेच निघू नका. पाच मिनिटं उभं राहून तीन गोष्टी पाहा.

पाणी उतरतंय की चढतंय? ओल्या वाळूच्या कडेवर टाचेने रेघ ओढा. पाच मिनिटांनी पाणी रेघेच्या मागे असेल तर उतरतंय. ओलांडून आलं असेल तर तुम्ही वेळापत्रक चुकीचं वाचलंय, पुन्हा पाहा.

घोडागाड्या कुठून जातायत? त्या रोज जातात, त्यामुळे त्यांच्या चाकोऱ्या हीच सर्वांत घट्ट जमिनीची वाट. किल्ल्याच्या दिशेने सरळ रेघ मारून चालणारे मऊ चिखलात जातात. चाकोरी थोडी वळसा घालून गेलेली दिसली तर तिला कारण असतं.

वारा कसा आहे? पश्चिमेचा जोराचा वारा असेल तर पाणी अपेक्षेइतकं उतरत नाही आणि चढताना लवकर येतं. अशा दिवशी आतला वेळ दीड तासावरून एका तासावर आणा.

आणि एक प्रश्न, गाडीवाल्याला किंवा जाळं नीट करत बसलेल्या कोळ्याला: "दादा, चालत परत यायला कितीपर्यंत निघावं लागेल?" "ओहोटी कधी" असं विचारू नका. त्याचं उत्तर बरोबर येतं, पण तुमच्या कामाचं नसतं. सांगितलेली वेळ तुमच्या हिशेबाच्या अलीकडची असेल तर तीच धरा.

फोनमध्ये परतीच्या वेळेचा गजर आत्ताच लावा, दरवाज्यातून निघण्याचा. किल्ल्यात गेल्यावर कोणालाही त्याची आठवण राहत नाही.

## ६. वाट पार करताना

अंतर सुमारे एक किलोमीटर, वेळ वीस ते तीस मिनिटं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर चाळीस धरा.

सुरुवातीची पुळण घट्ट आणि सोपी. पुढे चिखलमिश्र वाळू लागते. तिथे टाच आधी न टेकता पूर्ण तळवा एकदम टेकवा, नाहीतर टाच रुतते. शेवटी खडक. खडकांवर हिरवं दिसेल तिथे पाय देऊ नका, कोरडं करडं दिसेल तिथे द्या. दोन खडकांमधल्या पाण्यात पाय घालून चालणं हे खडकाच्या माथ्यावरून उड्या मारण्यापेक्षा बरं. ओलं होणं परवडतं, घसरणं नाही. हात टेकायची वेळ आली तर बोटं कालवांवर पडणार नाहीत एवढं पाहा.

जाताना वाटेतला सर्वांत खोलगट भाग कुठे आहे ते लक्षात ठेवा. जिथे सगळीकडे कोरडं असूनही पाणी उरलेलं असतं, तो. तो सर्वांत शेवटी मोकळा होतो आणि भरतीत सर्वांत आधी भरतो. किल्ला चहूबाजूंनी समुद्रात आहे, म्हणून भरतीचं पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. दोन्ही बाजूंनी येऊन मधल्या खोलगटात मिळतं. तुमच्या पायाखाली कोरडं असतं आणि तुमच्या व किनाऱ्याच्या मधे पाणी भरत असतं.

ताकीद: वाटेत शिंपले वेचणं, फोटोची रांग, रील, हे सगळं जाताना उरकून घ्या. परतताना थांबायचं नाही.

## ७. आतला क्रम

वेळ दीड तासच आहे, म्हणून क्रमाला महत्त्व. नेहमीची चूक म्हणजे दरवाज्यातून थेट देवळात, तिथे अर्धा तास, मग ऊन चढल्यावर तटावर आणि उत्तरेकडच्या तोफा पाहायच्या राहूनच जातात.

आत शिरताना महादरवाज्यावरचं कोरीवकाम पाहून घ्या. हत्ती, मोर, वाघ कमानीवर आहेत आणि बाहेर पडताना घाईत कोणी मान वर करत नाही. दरवाज्यालगतच्या पायऱ्यांनी आधी तटावर चढा. तट उत्तर-दक्षिण सुमारे ९०० फूट आणि पूर्व-पश्चिम ३५० फूट आहे. सतरा बुरुज, सरासरी उंची २५ फूट. सगळी फेरी मारायला चाळीस मिनिटं लागतात. तटावर चालताना कठड्याच्या बाजूने न चालता मधून चाला, काही ठिकाणी दगड निसटले आहेत आणि गवतात खाचा दिसत नाहीत.

उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावरची अक्षरं वाचता येतात. यॉर्कशरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. मुलांना त्यावर चढवून फोटो काढणं ही या किल्ल्यातली सर्वांत जुनी वाईट सवय. इथूनच पलीकडे सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला दिसतो. मुख्य किल्ल्यापासून तो एका दगडी बांधाने जोडलेला आहे, पण तिकडे जायला वेगळी वीस मिनिटं लागतात आणि बांध निसरडा असतो. ओहोटीला अजून तासभर असेल तरच जा.

तटाच्या बाहेरच्या बाजूकडे एकदा वाकून बघा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. सांध्यांतल्या फटींमधून लाटेचं पाणी आत शिरून विरतं आणि भिंतीवरचा मार कमी होतो. खाली उतरून पाहिलंत तर हे जास्त स्पष्ट दिसतं, पण ते निघताना दरवाज्याजवळ पाहा, समुद्राच्या बाजूला नको.

मग खाली उतरून सिद्धिविनायकाचं देऊळ आणि शेजारची पुष्करणी. देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. आजूबाजूला वाड्याची जोती आहेत. वेळ उरला तर दक्षिणेच्या धाकट्या दरवाज्यापर्यंत जाऊन या. नाही उरला तर सोडा, त्याच्यासाठी परत फिरण्याची वेळ मोडू नका.

पडताळणी: पूर्ण ओहोटीच्या मिनिटाला तुम्ही तटावरून खाली उतरलेले असायला हवेत. अजून वरच असाल तर देऊळ धावतं करा.

## ८. परतणे, आणि वाट गेली तर

गजर झाला की निघायचं. चुकलंच, आणि दरवाज्यात आलात तेव्हा खोलगटात पाणी भरलेलं दिसलं, तर नियम सोपा आहे. पाणी गुडघ्याखाली असेल आणि पुढे माणसं चालताना दिसत असतील तर लगेच, घोळक्याने, चाकोरीतूनच. गुडघ्यावर असेल तर उतरायचं नाही. वर सांगितलेला बारा भागांचा हिशेब आठवा. आत्ता गुडघ्याएवढं असलेलं पाणी तुम्ही मधोमध पोचेपर्यंत मांडीला लागतं, आणि वाहत्या पाण्यात मांडीएवढं पाणी माणसाला उभं राहू देत नाही.

किल्ल्यात अडकणं धोक्याचं नाही, फक्त कंटाळवाणं आहे. जमीन कोरडी आहे, माणसं आहेत, आणि भरती वाढली की होड्या सुरू होतात. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या; न देणाऱ्या होडीत बसू नका. कोणी पाण्यात अडकलेलं दिसलं तर ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करा, स्वतः उतरू नका.

उशीर झाल्यावर घोडागाडीच्या भरवशावर राहू नका. घोड्याला खोलाची जाण आपल्यापेक्षा लवकर येते आणि गाडीवाले त्याचं ऐकतात. शेवटची गाडी किनाऱ्याकडे वळलेली दिसली की तुमचा वेळ संपला असं समजा.

## ९. उरलेला दिवस: रेवदंडा आणि कोर्लई

सकाळची ओहोटी साधली असेल तर साडेदहाला मोकळे होता. पाय गोड्या पाण्याने धुवा, जखमा पाहा, नाश्ता करा आणि दक्षिणेकडे निघा. रेवदंडा सुमारे १७ किलोमीटर. रस्ता तटबंदी फोडून थेट किल्ल्यातून जातो, म्हणून कित्येकांना आपण किल्ल्यात आहोत हेच कळत नाही आणि ते पुढे निघून जातात. तटाची भिंत दिसली की गाडी थांबवा. सातखणी मनोरा हे मुख्य पाहण्यासारखं. तो एका चर्चचा मनोरा आहे, आणि वर चढायचा प्रयत्न करायचा नाही. समुद्राकडचा तट पुळणीवरून पाहायचा असेल तर भरतीच्या दोन तास आधीपर्यंत उरका.

पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई. इथे ऊन हाच शत्रू, म्हणून दुपारी एक ते तीन टाळा. गावातला रस्ता अरुंद आहे आणि कडेला मासळी वाळत घातलेली असते. तिच्यावर गाडी घालू नका, हॉर्न वाजवून वाटही मागू नका. मोठी गाडी अलीकडेच ठेवा. दीपगृहाजवळून पायऱ्यांची वाट वर जाते, वीस मिनिटांत माथा येतो. किल्ला लांबट आणि चिंचोळा आहे, एकामागून एक दरवाजे लागतात. वर जाऊन पहिल्या भिंतीपाशी फोटो काढून परतणारे निम्मा किल्ला पाहतच नाहीत. चर्चचे अवशेष पाहून उत्तरेच्या टोकापर्यंत उतरत जा. तिथून खाडीचं तोंड आणि पलीकडचं रेवदंडा एका नजरेत येतं. परत वर चढायला दम लागतो, त्यामुळे अर्धा लिटर पाणी त्या चढासाठी राखून ठेवा.

दुपारच्या ओहोटीचा बेत असेल तर हाच क्रम उलटा करा: सकाळी आठला कोर्लई, अकराला रेवदंडा, जेवण अलिबागला, आणि ओहोटीच्या दोन तास आधी किनाऱ्यावर. जेवण रेवदंड्यालगतच्या चौलच्या आसपास लांबलं की हा बेत मोडतो. मासळीची थाळी कुलाब्यानंतर खा.